ओकोनोमियाकी प्रकल्प: आमच्या ओसाकाच्या ओट्यावरच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

आजपासून वहीत लिहायचं ठरवलंय. डिसेंबरात दोनदा ओकोनोमियाकी, म्हणजे कोबी घातलेलं जपानी जाड धिरडं, केलं, एकदा बरं झालं आणि एकदा टाकून द्यायच्या लायकीचं, आणि बरं झालं त्या दिवशी काय किती घातलं होतं ते काही केल्या आठवेना. चिपळूण सोडून ओसाकात येऊन चार वर्षं झाली, इथे सुट्टीच्या दुपारी घराघरातून त्या सॉसचा वास येतो, लेक चिऊ विचारते आपल्याकडे का नाही करत, तर आता हे एकदाचं जमवायचंच.

मुहूर्त पण काय काढलाय बघा. कोबी इतका महाग मी इथे कधी बघितला नव्हता. मागचा उन्हाळा भयंकर तापला, नंतर पाऊस पडला नाही, पीकच कमी आलं, काही दुकानांत एक गड्डा हजार येनला गेल्याच्या बातम्या आहेत. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तर अख्खा गड्डा दिसतच नाही, पाव भाग कापून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात.

आजचं माप: पीठ २०० ग्रॅम, पाणी २०० मिली, अंडी २, कोबी अंदाजे २५० ग्रॅम, कोळंबी मूठभर. डुकराचं मांस हा, म्हणजे नवरा, खात नाही त्यामुळे इथलं सगळ्यात कॉमन बुतातामा बाद, बुता म्हणजे डुक्कर आणि तामा म्हणजे तामागो, अंडं. आपलं एबितामा, कोळंबीवालं. कोबी भाजीला चिरतो तसा लांब चिरला, सगळं एका भांड्यात कालवलं, लोखंडी तव्यावर ओतलं आणि उलथन्याने दाबून दाबून भाजलं.

झालं काय तर वरून करपलं, आत कच्चं पीठ आणि एकूण प्रकार चपलेच्या तळव्यासारखा. चिऊने सॉस चाटून घेतला आणि बाकीचं तसंच ठेवलं.

त्यात तवा तापत ठेवला की गॅस आपोआप बारीक होतो! इथल्या घरगुती शेगड्यांना २००८ पासून प्रत्येक बर्नरला सेन्सर कम्पल्सरी आहे, भांडं फार तापलं की तो ज्योत कमी करतो. सुरक्षेला ठीक आहे, पण आपला तवा धूर येईपर्यंत तापवायची सवय असलेल्या बाईचं काय करायचं.

१३ जानेवारी, सोमवार (सुट्टी)

तयार पिठाचं पाकीट आणलं, लाज वाटून घ्यायची नाही असं ठरवून. इथले लोक पण तेच आणतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात वाचलं तर गव्हाचं पीठ, दाशीची (म्हणजे जपानी साराची) पावडर, कंदाची पावडर, बेकिंग पावडर असा सगळा संसार आतच आहे. आणि एका माणसाचं माप बघून मी दोनदा चष्मा पुसला. पीठ ५० ग्रॅम, पाणी ५० मिली, अंडं १ आणि कोबी १५० ग्रॅम. कोबी पिठाच्या तिप्पट! मी केलं होतं ते म्हणजे पिठात थोडा कोबी, आणि हे लोक करतात ते कोबीला धरून ठेवण्यापुरतं पीठ. कांदाभजीला बेसन लावतो ना कांदा नुसता चिकटून राहण्यापुरतं, तो हिशेब. इतके दिवस मी हे थालीपीठ समजून करत होते.

पाकिटावरच्या मापाने केलं, बरंच सुधारलं. मधे अजून गिच्च आहे. पण खाल्लं सगळ्यांनी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घेऊन खालच्या मजल्यावरच्या आज्जींकडे गेले. आज्जी अठ्ठ्याहत्तरच्या, जन्मापासून ओसाकातच. गोड बोला हे जपानीत सांगताना माझी नेहमीसारखी त्रेधा. त्यांनी एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि आत जाऊन नागाइमोचा अर्धा कंद वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिला. प्रकल्पाचं त्यांना चिऊने आधीच सांगितलेलं दिसतंय. रविवारी येऊन बघते म्हणाल्या. आता टेन्शन.

पिठाचं उघडं पाकीट ओट्यावर चिमटा लावून ठेवलंय असं मी बोलून गेले तर त्या एकदम उठूनच बसल्या. उघडलेलं ओकोनोमियाकीचं पीठ बाहेर ठेवायचं नाही म्हणे, फ्रिजमध्ये घट्ट बंद डब्यात ठेवायचं. नंतर मी वाचलं तर खरंच आहे. या पिठात दाशी वगैरे असल्यामुळे धुळीतले बारीक किडे त्यात भराभर वाढतात, डोळ्याला दिसत पण नाहीत, भाजून पण त्यांची ॲलर्जी जात नाही आणि काही लोकांना ते खाऊन श्वास अडकेपर्यंत रिॲक्शन आलेली आहे. हे फक्त जपानापुरतं नाही, उष्ण दमट हवेत सगळीकडेच होतं. आपल्याकडे पीठ चाळताना किडे दिसले की टाकतो, इथे दिसतच नाहीत. पाकीट फ्रिजमध्ये गेलं.

१८ जानेवारी, शनिवार

आज नागाइमोचा दिवस. हा लांब दांडक्यासारखा पांढरा कंद, वर बारीक केसांसारखी मुळं. सोलून किसणीवर किसला की कीस पडतच नाही, पांढरा चिकट लगदा तार धरून खाली लोंबतो. चिऊ म्हणाली आई याला सर्दी झालीय. पण मला हे कुठेतरी बघितलेलं वाटत होतं आणि मग आठवलं, कोनफळ! सोललं की हात तसाच बुळबुळीत होतो. शोधलं तर दोघं एकाच कुळातले निघाले, म्हणजे नागाइमो आपल्या कोनफळाचा भाऊबंदच.

आणि भाऊबंद असल्याचं त्याने लगेच दाखवलं. पाच मिनिटांत मनगटापर्यंत खाज. लाल नाही काही नाही, नुसती चुणचुण, साबण लावून धुतलं तर अजून वाढली. आईला व्हिडिओ कॉल केला, ती तिकडे पडवीत बसून पावटे सोलत होती. म्हणाली, "अगं अळू चिरताना काय करतेस? चिंच लाव." बरोबर. अळवात नि यात तोच प्रकार, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते कातडीत टोचतात आणि आंबट लावलं की खाज कमी होते. चिंच भिजवायला वेळ नव्हता, तांदळाचा व्हिनेगर चोळला, दोन-तीन मिनिटांत शांत. पुढच्या वेळी आधीच हाताला व्हिनेगर लावायचं आणि शेवटचा तुकडा सालासकट धरून किसायचा.

पण याचा फरक काय सांगू. चार चमचे लगद्यात हवा धरली जाते, पीठ फुगल्यासारखं हलकं होतं, भाजल्यावर आत मऊ लुसलुशीत. बेकिंग पावडरने जी जाळी येते ती केकसारखी असते, ही वेगळीच, वाफाळलेल्या ढोकळ्याच्या आणि अंड्याच्या मधली काहीतरी.

१९ जानेवारी, रविवार

आज्जी आल्या, स्वतःचा हॉटप्लेट कडेवर घेऊन. माझ्या तव्याकडे बघितलं पण काही बोलल्या नाहीत. सेन्सरची कटकट मिटली, २०० डिग्रीवर लावला की काम झालं.

माझं पहिलं ओतलं, तीन मिनिटांनी उलटलं, जमलं बरं का, आणि उलटल्या उलटल्या सवयीने उलथनं वर ठेवून दाबायला गेले तर आज्जी ओरडल्या, "आकान! आकान!" चिऊ दचकली. आकान म्हणजे ओसाकाच्या बोलीत चालणार नाही, अजिबात नाही. पुस्तकात शिकवतात ते दामे, पण इथे दामे कोण म्हणतंय. मग त्यांनी माझ्या हातातून उलथनं काढूनच घेतलं.

त्यांचं म्हणणं असं की एवढा वेळ कालवून, चमच्याने वर उचलून उचलून आत जी हवा भरली ती तू एका दाबात काढून टाकतेस, मग कोबी वाफेवर शिजणार कसा. कोबी हाच आतला पाण्याचा साठा. त्याच्या पाण्याची वाफ होते आणि ती आत फिरते, त्यावर सगळं शिजतं. दाबलं की वाफेच्या वाटा बुजतात आणि पीठ चिकट होऊन बसतं. माझ्या हाताला थालीपीठाची सवय, ओल्या फडक्यावर थापायचं, तव्यावर टाकून परत बोटांनी दाबून पातळ करायचं, हे इतकं मुरलंय की डोक्याने ठरवलं तरी हात ऐकत नाही. दुपारभरात तीनदा आकान ऐकलं.

बाकी त्यांनी शिकवलेलं पटापट: कोबी लांब नाही, अर्धा सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे, आणि धुतल्यावर चाळणीत पूर्ण निथळून. पीठ नि दाशी आधी कालवून बाजूला ठेवायचं, पण कोबी आणि अंडं प्रत्येकाच्या वाटीत वेगळं, तव्यावर टाकायच्या अगदी आधी. कालवायचं दहा-पंधरा वेळाच, जास्त घोटलं की मैदा ताणतो. हाकुरिकिको म्हणजे केकवालं कमी प्रथिनांचं पीठ घ्यायचं, पावाचं नाही. ओतल्यावर दोन सेंटीमीटर तरी जाडी. पहिल्या बाजूने ३ मिनिटं, उलटून झाकण ठेवून ५, परत उलटून २. कोळंबी टिपून कोरडी करून वरून मांडायची म्हणजे उलटल्यावर तीच तव्याला लागून खरपूस होते. डुकराचे पट्टे असते तर चरबी सुटली असती, कोळंबीला नाही म्हणून उलटताना तेलाची धार.

तेनकासु, म्हणजे तेम्पुरा तळताना कढईत राहतात ते पिठाचे कण, ते विसरले होते मी. आमच्याकडच्या इंजिनिअरने खारी बुंदी घाल असा सल्ला दिला. घातली एकात. आज्जींनी ते निमूट संपवलं आणि हे कोणत्या देशाचं आहे असं विचारलं.

२५ जानेवारी, शनिवार

दोगुयासुजीला गेलो. नाम्बाजवळची ही गल्ली म्हणजे हॉटेलवाल्यांच्या सामानाची, पातेली, चाकू, कागदी कंदील, प्लास्टिकचे खोटे पदार्थ, चिऊला तिथून हलवणं मुश्किल. कोते घेतले, दोन मोठे नि तीन छोटे. कोते म्हणजे पातळ स्टीलचं पसरट उलथनं. मोठ्याने उलटायचं, छोट्याने कापून तव्यावरूनच तोंडात. मोठे दोन लागतात, दोन बाजूंनी खाली सारून मनगट फिरवायचं. आपल्या उलथन्याला लांब दांडा असतो म्हणून दाबायचा मोह होतो, कोतेला दांडा आखूड, जोर लावता येत नाही. हे अवजारच हाताला वळण लावतं.

येताना आज्जींसाठी मोची घेतली, चहा पिताना त्या सांगत बसल्या. लहानपणी त्यांच्या गल्लीत पोरांच्या खाऊच्या दुकानात पातळ पीठ तव्यावर पसरून वर पातीचा कांदा नि सॉस लावून देत. त्याच्या आधीच्या पिढीत त्याला इस्सेन योशोकू म्हणत, एका सेनचं विलायती खाणं. सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग, आपला पैसा. विलायती कशाने, तर वर वूस्टर सॉस! बाकी सगळं पीठ आणि पाणी.

२९ जानेवारी, बुधवार

शहाणपणा केला. ऑफिसातून आल्यावर घाई नको म्हणून सकाळीच सगळं एकत्र कालवून फ्रिजमध्ये ठेवलं. संध्याकाळी बघते तर कोशिंबिरीला मीठ लावून ठेवल्यासारखं झालेलं, कोबीने पाणी सोडून वाटी अर्धी भरलेली. दाशीतलं मीठ. अजून पीठ घालून सावरायला गेले आणि पुन्हा चपलेचा तळवा. ऑर्डर करून राईस बाऊल मागवले.

२ फेब्रुवारी, रविवार

सेत्सुबुन, वसंत सुरू व्हायच्या आदल्या दिवसाचा सण. यंदा ३ ऐवजी २ तारखेला आला. एहोमाकी म्हणजे जाड सुशी रोल खाल्ला, ठरलेल्या दिशेला तोंड करून न बोलता अख्खा रोल. चिऊ पहिल्याच घासाला बोलली. प्रकल्प बंद.

८ फेब्रुवारी, शनिवार

सॉस संपला आणि बाहेर बोचरी थंडी, जायची इच्छा नाही. बाटली उलटी करून ठेवली होती तिच्यावरचं वाचत बसले. ओताफुकु हिरोशिमाची कंपनी, १९२२ मध्ये सोया सॉस नि साके विकणारं दुकान म्हणून सुरू झाली आणि १९५२ मध्ये खास ओकोनोमियाकीचा सॉस काढला, कारण वूस्टर पातळ असतो, तव्यावर ओघळून जातो. आणि घटकांमध्ये बघते तर खजूर! म्हणून तो दाट गोडसरपणा. मी आपली भेळेची चटणी वेगळ्या बाटलीत शोधत होते म्हणा ना.

मग केलंच. फ्रिजरमधली चिंच-खजुराची चटणी ३ चमचे, केचप २, वूस्टर २, सोया सॉस १ चमचा, मंद आचेवर आटवलं. पहिल्यांदा जिऱ्याचा वास पुढे आला, चटणीत भाजलं जिरं होतं ना. चव वाईट नाही पण भेळच. दुसऱ्यांदा साधा खजूर भिजवून वाटून, जिरं नाही, चिंच अगदी कणभर. हे ऐंशी टक्के जमलं. हा म्हणाला बाटलीपेक्षा भारी, पण हा खारी बुंदीवाला माणूस आहे, त्याचं मत धरत नाही.

मेयो मात्र घरी करायच्या फंदात पडणार नाही. क्युपी १९२५ पासून बनवतायत, नुसत्या पिवळ्या बलकाचा, आपल्याकडच्या पांढऱ्याफटक गोड मेयोशी त्याचा काही संबंध नाही.

वर आओनोरी या समुद्री शेवाळाची हिरवी पूड आणि कात्सुओबुशी. हे वाळवून धुरावलेल्या माशाचे पापुद्रे, कुप्याच्या जातीतला मासा. गरम ओकोनोमियाकीवर टाकले की हलायला लागतात. चिऊला पूर्वी वाटायचं जिवंत आहेत. पापुद्रा इतका पातळ की खालची वाफ एका बाजूला जास्त लागते, कुठे ओला कुठे कोरडा, म्हणून वळवळतो. हे समजावून सांगितलं तर तिचा चेहराच पडला. उगाच सांगितलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार (सुट्टी)

आईला फोटो पाठवत असते. तिचा कालचा मेसेज: मध्ये भोक का नाही पाडत, तेल सोड, मधलं लवकर शिजेल. खरं म्हणजे मला पण हे डोक्यात होतं. थालीपीठाला पाच भोकं पाडून तेल सोडतो, मग दोन सेंटीमीटर जाडीच्या या गोळ्याला का नको?

प्रयोग: दोन सारखी, एकाला मधे बोटाएवढं भोक. कोतेच्या टोकाने भोक पाडलं, दहा सेकंदांत बाजूचं पीठ सरकून बुजलं. परत पाडलं. परत बुजलं. तिसऱ्यांदा तेल सोडलं तर ते भोकातून खाली जाऊन बाजूने बाहेर आलं आणि उलटताना तिथूनच दोन तुकडे. शिजायला दोघांना सारखाच वेळ. थालीपीठाचं पीठ घट्ट मळलेलं, भोक उभं राहतं, इथे सैल कालवलेला कोबी आहे, त्यात आधीच शंभर भोकं असतात, आपण अजून एक कशाला पाडायचं. आईला कळवलं. तिचं उत्तर: "तुझं पीठ सैल झालं असेल."

१६ फेब्रुवारी, रविवार

हिरोशिमा पद्धत. करायची नव्हती पण चिऊच्या मैत्रिणीची आई तिकडची. तिच्यासमोर मी हिरोशिमायाकी म्हणाले तर ती हसून म्हणाली आमच्याकडे ते ओकोनोमियाकीच असतं. म्हणजे वाद आहे तर. आपल्याकडे मिसळीवरून होतो तसाच.

तिथे काही कालवायचंच नाही, थर. आधी पातळ धिरडं, त्यावर माशाची पूड, मग कोबीचा डोंगर, मोड, तेनकासु, वरून थोडं पीठ शिंपडायचं, उलटायचं, शेजारी नूडल्स परतून त्याच्यावर हे चढवायचं, मग अंडं फोडून पसरून त्यावर सगळं. १९४५ नंतर उद्ध्वस्त शहरात खायला काही नव्हतं, मदतीतून आलेलं पीठ होतं, तव्याला लोखंडी पत्रा होता, त्यातून ते पातळ धिरडं भरत भरत पोटभरीचं झालं.

माझा डोंगर उलटताना निम्मा ओट्यावर. उरलेल्यात नूडल्स कालवून कढईत परतलं आणि चायनीज म्हणून वाढलं. घरच्या हॉटप्लेटवर दोन हातांत हे होत नाही, ते दुकानातच खायचं, माझ्यापुरता विषय संपला.

२३ फेब्रुवारी, रविवार

तीन मराठी कुटुंबं जेवायला. एक घर पूर्ण शाकाहारी, अंडं पण नाही, म्हणून काल रात्रीपासून तयारी. दाशी नुसत्या कोम्बु या समुद्री शेवाळाची नि वाळलेल्या शिताके अळंब्यांची, कोम्बु रात्रभर गार पाण्यात. अंड्याऐवजी नागाइमो दुप्पट, ६० ग्रॅम, आणि चमचाभर कॉर्नफ्लोर. सॉस माझा खजूरवाला, कारण बाटलीतल्या सॉसमध्ये काय काय अर्क असतात ते प्रत्येक वेळी वाचावं लागतं. मेयो, कात्सुओबुशी नाही, वर बेनी शोगा म्हणजे लाल आलं आणि आओनोरी. खरं सांगायचं तर हे सगळ्यात सुंदर झालं, अंड्याशिवाय, नागाइमोने नुसतं उचलून धरलं. बाकीच्यांना एबितामा, त्यात माझ्याकडचे मूठभर सोडे पण टाकले, इथे पण वाळवलेली कोळंबी घालतातच.

एक काका म्हणाले भात लावला नाहीस का. ओसाकात खरंच ओकोनोमियाकी तोंडी लावायला घेऊन भात खातात, दुकानात तसं ताटच मिळतं, टोकियोवाले त्यावर हसतात. कुकर लावला.

कापायचं काम चिऊचं. पिझ्झासारखं त्रिकोणी नाही, कोतेने उभं-आडवं, शंकरपाळ्यांसारखं, पण चौकोन. दहा झाली, एकही दाबलं नाही. मी स्वतः मोजत होते.

वहीतलं पक्कं माप, एकाचं: हाकुरिकिको ५० ग्रॅम, दाशी ५० मिली, नागाइमो ३० ग्रॅम, अंडं १, कोबी १५० ग्रॅम, तेनकासु १० ग्रॅम, बेनी शोगा चमचाभर.

१ मार्च, शनिवार

आज्जींना थालीपीठ खायला बोलावलं होतं, आईने पाठवलेली भाजणी होती. कांदा, कोथिंबीर, तीळ, सगळं रीतसर. तव्यावर थापायला घेतलं आणि हात दाबेचना. जाडच्या जाड राहिलं, भोकं पाडली ती नीट उभी राहिली पण मधे कच्चं, कडेला भेगा. दुसरं पण तसंच. आज्जी मायाळूपणे मेयो लावून खात होत्या आणि आई व्हिडिओ कॉलवर मोठ्याने ओरडत होती, "अगं दाब की ते!"

आज्जींनी विचारलं त्या काय म्हणतायत. चिऊ म्हणाली, आकान म्हणतेय.

भाजणी अजून अर्धा किलो आहे.